काडेपेटीएवढा जुना कॅमेरा सापडला? भंगारात देण्याआधी त्याचा तळ वाचा

दिवाळीची साफसफाई चालू असते. माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात जुनी पासबुकं, लग्नपत्रिका, बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणि तळाशी चामडी पाकिटातला काडेपेटीएवढा कॅमेरा. घरातली पोरं आधी हसतात, मग फोटो काढून ग्रुपवर टाकतात. अर्ध्या तासात उत्तरं येतात. एक म्हणतो, "ब्रिटिशांच्या गुप्तहेरांचा कॅमेरा आहे, लाखात जाईल." दुसरा म्हणतो, "जत्रेतलं खेळणं आहे, फेकून द्या."

बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. असा कॅमेरा बहुधा जपानमध्ये १९५० च्या आगेमागे बनलेला, खेळण्याच्या भावात विकला गेलेला, पण खरोखर फोटो काढणारा असतो. तो लाखाचा नसतो आणि हेराचा तर नसतोच. पण भंगारात देण्यासारखाही नसतो. जालन्यात हे मुद्दाम सांगायला हवं. या शहराची ओळखच स्टीलची. भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या इथे आहेत, आणि किलोवर गेलेल्या पोत्यात काय होतं हे नंतर कुणी विचारत नाही. हा कॅमेरा वजनाला शंभर ग्रॅमही भरत नाही. म्हणजे भंगारवाल्याकडून त्याचे चहापुरतेही पैसे सुटणार नाहीत.

मग त्याचं मोल कशात असतं? तर त्याच्यावर कोरलेल्या दोन-चार शब्दांत आणि नखाएवढ्या फरकांत.

हे कॅमेरे आले कुठून?

या जातीच्या कॅमेऱ्यांना जगभरचे संग्राहक 'हिट टाइप' म्हणतात. हिट हे तोगोदो या जपानी कंपनीच्या कॅमेऱ्याचं नाव. तो इतका पसरला की त्याच्यासारख्या सगळ्यांनाच हे नाव चिकटलं, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडाच असायचं. पण सुरुवात त्याच्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, जपानमध्ये मिजेट आणि मायक्रो हे दोन चिमुकले कॅमेरे बाजारात आले होते. ते खेळणं म्हणून बनवलेले नव्हते. मायक्रोला बऱ्यापैकी लेन्स होती आणि शटरचे एकापेक्षा जास्त वेग निवडता येत होते.

या कॅमेऱ्यांना लागणारा रोल साडेसतरा मिलिमीटर रुंदीचा. हा आकडा कुठून आला? नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटरची. ती उभी मधोमध चिरली की साडेसतरा. या पट्टीमागे काळा कागद लावून ती बोटाच्या पेराएवढ्या रिळावर गुंडाळायची. एका रोलमध्ये दहा फोटो, प्रत्येक १४ गुणिले १४ मिलिमीटरचा. नेहमीच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची एक चौकट ३६ गुणिले २४ ची असते, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास साडेचारपट मोठी. एवढ्याशा निगेटिव्हवरून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला तर आजीचा चेहरा ओळखू येईल, तिची नथ मात्र दिसायची नाही.

युद्धात जपान हरला आणि १९४५ ते १९५२ तिथे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील दोस्त राष्ट्रांचा ताबा होता. कारखाने मोडलेले, परकीय चलनाची टंचाई. अशा वेळी थोड्या पत्र्यात, थोड्या काचेत, हाताने जुळवून करता येईल आणि परदेशात खपेल असा माल हवा होता. हा कॅमेरा त्यात नेमका बसला. परदेशांत तो खेळण्यांच्या दुकानात, जत्रेत बक्षीस म्हणून आणि टपालाने मागवायच्या जाहिरातींतून विकला गेला. घेणाऱ्याला फोटोपेक्षा गंमत जास्त हवी होती.

आणि याच काळाने कॅमेऱ्यावर आपली खूण सोडली. १९४७ पासून जपानमधून निर्यात होणाऱ्या मालावर इंग्रजीत 'मेड इन ऑक्युपाइड जपान', म्हणजे 'ताब्यातील जपानमध्ये बनवलेले', असं लिहिणं सक्तीचं झालं. पुढे ही सक्ती सैल झाली आणि नुसतं 'जपान' किंवा 'मेड इन जपान' हेही चालू लागलं. २८ एप्रिल १९५२ ला ताबा संपला तेव्हा त्या शब्दाचं कारणच उरलं नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या तळावर, मागच्या झाकणावर किंवा चामडी पाकिटावर 'ऑक्युपाइड' हा शब्द असेल, तर तो या पाच वर्षांतला. एका पराभूत देशाचा पत्ता काडेपेटीएवढ्या डबीवर उमटलेला आहे. संग्राहक या शब्दासाठी जास्त पैसे मोजतात ते म्हणूनच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नुसतं 'मेड इन जपान' असेल तर तो १९५२ नंतरचाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारण वर सांगितलंच, दोन्ही शिक्के काही काळ बरोबरीने चालत होते.

नाव निराळं, अंग तेच

खरा गोंधळ इथून सुरू होतो आणि खरी मजाही. हिट, क्रिस्टार, ॲरो, कॉली, होमर, बेल १४... नावं मोजायला बसलात तर कंटाळाल. ही सगळी वेगवेगळ्या कारखान्यांची नव्हती. व्यापारी ऑर्डर द्यायचा, पुढच्या पट्टीवर हवं ते नाव छापून घ्यायचा आणि आपला म्हणून विकायचा. आत तोच पत्रा, तीच लेन्स. पुढे १९६० च्या दशकात हाँगकाँगच्या डायना या प्लॅस्टिक कॅमेऱ्याचं अगदी असंच झालं. एकाच साच्यातून निघालेला माल डझनावारी नावांनी विकला गेला.

जालन्यातल्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. बियाण्यांचा व्यापार जिथे रक्तात आहे, तिथे एकाच पिकाचे वाण, त्या वाणांची वेगवेगळी नावं, पिशवीवर एक आणि आत भलतंच असले प्रकार सगळ्यांनी पाहिलेत. जाणता शेतकरी पिशवीवरचं नाव वाचून थांबत नाही, तो बी तळहातावर घेऊन बघतो. कॅमेऱ्याच्या वाणाचंही तसंच आहे.

सध्या फोनवर दिसणारं किल्लीच्या कड्यातल्या कॅमेऱ्यांचं वेडही याच घराण्यातलं. २०२५ मध्ये कोडॅकचं नाव परवान्याने वापरून चार्मेरा नावाचा चिमुकला डिजिटल कॅमेरा आला. तो बंद खोक्यात मिळतो, आत कोणत्या रंगाचा आहे हे उघडल्यावरच कळतं. त्याचा चेहरा बेतलाय कोडॅकच्या १९८७ च्या फ्लिंग या एकदाच वापरायच्या कॅमेऱ्यावर. एकच यंत्र, वेगवेगळे मुखवटे आणि 'माझ्याकडे नसलेला' मिळवायची घाई. पंचाहत्तर वर्षांत फार काही बदललेलं नाही.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिली नजर पुढच्या पट्टीवर. नाव कोरलेलं आहे, उठावात ठोकलेलं आहे की नुसतं रंगवलेलं, हे बघा. मग लेन्सभोवतीची कडी बघा, तिच्यावरही कधीकधी नाव असतं. नंतर चामडी पाकिटावरचं नाव. ही तीन नावं एकमेकांशी जुळायला हवीत. जुळत नसतील तर कुणीतरी कधीतरी दोन कॅमेऱ्यांचे भाग एकत्र केलेत किंवा एकाचं पाकीट दुसऱ्याला घातलंय. ही फसवणूकच असते असं नाही. लहान मुलांच्या हातातली वस्तू होती, दोन भावांच्या दोन कॅमेऱ्यांची अदलाबदल झाली असेल. पण विकत घेताना हा फरक तुमच्या नजरेतून सुटायला नको. विशेषतः 'ऑक्युपाइड' हा शब्द फक्त पाकिटावर असेल आणि कॅमेऱ्यावर नसेल, तर तो शब्द पाकिटाचं वय सांगतो, कॅमेऱ्याचं नाही.

दुसरी नजर वरच्या भागावर. डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, मधोमध उंचवट्यासारखी आहे की एका बाजूला? फिरवायच्या घुंड्या किती? दोन दिसल्या तर दोन्ही फिरवून बघा, हळूच. काही मॉडेलांत एक घुंडी खरी, फिल्म पुढे नेणारी, आणि दुसरी केवळ मोठ्या कॅमेऱ्यासारखं दिसावं म्हणून बसवलेली. घुंडीच्या कडेवरचे दाते बारीक आहेत की भरड, हाही एक फरक. भिंगातून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. सराफ वापरतात ते डोळ्याला लावायचं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर फोनचा मॅक्रो कॅमेरा पुरतो.

तिसरी गोष्ट शटर. साध्या हिट जातीच्या कॅमेऱ्याला पर्याय दोनच असतात. लेन्सजवळ एक छोटी दांडी, तिच्यापाशी इंग्रजी 'बी' आणि 'आय' ही अक्षरं. 'आय' म्हणजे खटका दाबला की झटकन उघडून मिटणार. 'बी' म्हणजे दाबून ठेवाल तितका वेळ उघडं राहणार. याऐवजी लेन्सभोवती २५, ५०, १०० असे आकडे दिसले तर थांबा. हे सेकंदाच्या भागाचे वेग आहेत आणि असा कॅमेरा साध्या खेळण्याच्या वरच्या वर्गातला असतो. मायक्रो त्यातलाच. कोनिशिरोकू, म्हणजे पुढे कोनिका या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी, तिनेही १९४९ च्या सुमारास याच १४ मिलिमीटर चौकटीचा स्नॅपी नावाचा नीटस कॅमेरा काढला होता. हे कॅमेरे दुरून हिटसारखेच दिसतात. ग्रुपवरच्या धूसर फोटोत तर फरक कळतच नाही. म्हणून कुणाला मत विचारायचं असेल तर लेन्सभोवतीची अक्षरं वाचता येतील असा फोटो पाठवा. नुसता समोरून काढलेला फोटो पाठवून 'हा कोणता?' विचारणं म्हणजे डॉक्टरला फोनवर खोकून दाखवण्यासारखं आहे.

लेन्स खरी आहे का, हे तपासायची एक घरगुती युक्ती आहे. आत रोल नाही याची आधी खात्री करा (त्याबद्दल पुढे वेगळं सांगितलंय, ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका). मग मागचं झाकण उघडा, जिथे फिल्म बसते तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा किंवा बटर पेपर ताणून धरा. कॅमेरा उजेडातल्या खिडकीकडे वळवा, दांडी 'बी'वर ठेवा आणि खटका दाबून धरा. कागदावर खिडकीचं उलटं, चिमुकलं चित्र उमटलं तर लेन्स आणि शटर दोन्ही जिवंत आहेत. हे चित्र पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

चौथा फरक रंगाचा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या अंगावर काळं रेक्झिन चिकटवलेलं असतं. लाल, निळं, हिरवं रेक्झिन असलेले कमी दिसतात आणि त्यांना मागणी जास्त. सोनेरी मुलाम्याचेही निघाले होते. इथेच सावध राहायचं, कारण रेक्झिन बदलणं ही दुपारभराची गोष्ट आहे. मूळ रेक्झिन कडांना झिजलेलं, धातूला घट्ट धरलेलं, त्याच्या कडेखाली वर्षानुवर्षांची बारीक घाण साचलेली असतं. नव्याने चिकटवलेलं कोपऱ्यात फुगतं आणि कडेला डिंकाची चमक दिसते. सोनेरी मुलामाही तसाच तपासा. हाताळून हाताळून घुंडीच्या माथ्यावर आणि खटक्यावर तो उडालेला असायला हवा. सत्तर वर्षं जुनी घुंडी नव्या नथीसारखी लखलखत असेल तर मुलामा कालचा आहे.

पाचवी गोष्ट म्हणजे मागची लाल काच. झाकणावर एक छोटं गोल भोक असतं, त्याला लाल किंवा तसल्याच गडद रंगाची काच किंवा फिल्मचा तुकडा. रोलच्या मागच्या कागदावर छापलेले आकडे या खिडकीतून बघत फोटो पुढे सरकवायचे. ती काच निघालेली असेल तर कॅमेरा वापरायला निकामी, पण संग्रहाला चालतो. ती आहे की नाही हे विक्रेते सांगत नाहीत, विचारावं लागतं.

मग हेरांचा कॅमेरा कोणता?

तोही होता, पण तो दिसायला कॅमेऱ्यासारखा नव्हता. मिनॉक्स हा लांबट, चपटा, धातूच्या पट्टीसारखा कॅमेरा. वॉल्टर झॅप या तंत्रज्ञाने लाटव्हियातल्या रिगा शहरात तो घडवला आणि १९३८ मध्ये तो बाजारात आला. चौकट फक्त ८ गुणिले ११ मिलिमीटर, पण लेन्स इतकी चांगली की कागदपत्रांचे फोटो वाचता येतील असे निघायचे. म्हणून तो हेरांच्या खिशात गेला.

मिनॉक्सच्या अंगावरचा मजकूरही हिटसारखाच इतिहास सांगतो. सुरुवातीच्या नगांवर 'मेड इन लाटव्हिया'. १९४० मध्ये सोव्हिएत रशियाने तो देश गिळला, तेव्हा 'मेड इन यूएसएसआर'. झॅप युद्ध चालू असतानाच जर्मनीत गेला आणि युद्धानंतर तिथे बनलेल्यांवर जर्मनीचं नाव. रिगाचा कॅमेरा स्टेनलेस स्टीलचा, हाताला जड लागतो. जर्मनीतला ॲल्युमिनियमचा, हलका. दोन्ही एकेका तळहातावर घेतले की डोळे मिटूनही फरक कळतो.

म्हणून कुणी हिट, ॲरो किंवा क्रिस्टारला 'दुसऱ्या महायुद्धातला हेर कॅमेरा' म्हणून विकत असेल तर ते सरळ खोटं आहे. हे कॅमेरे युद्धानंतर आले, शिवाय त्यांच्या एका भिंगाच्या लेन्सने कागदपत्राचा फोटो काढला तर त्यातलं एक अक्षर लागणार नाही. या थापेचं वय मोठं आहे आणि फोनमुळे तिला नवे पाय फुटलेत.

घड्याळ, लायटर आणि पावडरची डबी

छोट्या कॅमेऱ्यांची आणखी एक शाखा म्हणजे वेष पालटलेले कॅमेरे. लंडनच्या हॉटन कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला टिका नावाचा कॅमेरा काढला. तो दिसायला खिशातलं साखळीचं घड्याळ. चावी द्यायच्या घुंडीत लेन्स लपवलेली. योगायोग असा की त्याचीही फिल्म साडेसतरा मिलिमीटरचीच. हा सापडला तर मात्र नीट बसून विचार करा, कारण तो शंभर वर्षांपलीकडचा आहे. भारतात पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याला वयाची शंभर वर्षांची अट आहे. इतकी जुनी वस्तू परदेशी ग्राहकाला टपालाने धाडण्याआधी हा कायदा तिला लागू होतो का, ते विचारून घ्यावं.

जपानचा एको ८ हा सिगारेट लायटरच्या डबीत बसवलेला. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे' चित्रपटात ऑड्री हेपबर्नच्या राजकन्येचे चोरून फोटो काढले जातात ते त्यानेच. फ्रँकफर्टच्या कुनिक कंपनीचा पेटी हा छोटा कॅमेरा एका प्रकारात बायकांच्या पावडरच्या डबीत बसवलेला मिळायचा, सोबत लिपस्टिकची जागा. पेटल हा जपानी कॅमेरा दहा रुपयांच्या नाण्याएवढा, फक्त जाडीला बराच जास्त. त्याच्यात रोलऐवजी गोल चकतीची फिल्म आणि तिच्यावर सहा फोटो. पेटल गोल आहे की अष्टकोनी, एवढ्यावर त्याचे दोन मुख्य वाण ठरतात.

बारीक फरकाचं माझं आवडतं उदाहरण मात्र अमेरिकेतलं, १९७० च्या सुमाराचं. मिक-ए-मॅटिक हा मिकी माऊसच्या डोक्याच्या आकाराचा कॅमेरा. पहिल्या प्रकारात फोटो काढायला मिकीचा कान ओढावा लागे. कान ओढला की अख्खं डोकं हलायचं आणि फोटोही हललेला यायचा. दुसऱ्या प्रकारात कान नुसते शोभेचे, खटका वेगळा. विक्रीच्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. कोणता आहे हे कळायला एकच प्रश्न पुरतो: "कान हलतो का?"

जत्रेतला कॅमेरा वेगळा

अंबडच्या मत्स्योदरी देवीची नवरात्रातली यात्रा असो की राजूरच्या गणपतीची चतुर्थी, खेळण्यांच्या पालात प्लॅस्टिकचा छोटा कॅमेरा असायचाच. डोळा लावायचा, बटण दाबायचं की आत देवांची, ताजमहालाची किंवा नटनट्यांची चित्रं एकामागून एक सरकायची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा.

हा फोटो काढत नाही, दाखवतो. ओळखायचं कसं? मागची बाजू दुधी किंवा पारदर्शक असते, उजेड आत यावा म्हणून. खऱ्या कॅमेऱ्याचं पोट काळंकुट्ट असतं आणि उजेड आत येऊ नये म्हणून सगळा खटाटोप असतो. पण म्हणून याला कमी लेखू नका. परदेशांत असले चित्रदर्शक जमवणारेही आहेत. त्यात कोणती चित्रं आहेत, किती आहेत, डबीचा रंग कोणता, यांवर त्यांचे वाण लावले जातात. आपल्याकडे हे प्लॅस्टिक कुणी जपून ठेवलं नाही, त्यामुळे हिटपेक्षा जुना जत्रेतला कॅमेराच कदाचित दुर्मीळ ठरेल.

आत रोल असेल तर हात आवरा

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते पैशाचं नसतं. सापडलेला कॅमेरा आपण पहिल्यांदा काय करतो? उघडतो. आत रोल असेल तर उजेड पडताक्षणी त्यावरचं सगळं संपतं. आजोबांनी काढलेले दहा फोटो, जे कुणी कधी पाहिले नाहीत, ते तुम्ही पाहण्याआधीच गेले.

म्हणून आधी लाल काचेतून बघा. आत कागद किंवा आकडा दिसला तर रोल आहे. घुंडी हलकेच फिरवून बघा, ओढ लागली तरी रोल आहे असंच समजा. मग झाकणावर चिकटपट्टी लावा, कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळा आणि कृष्णधवल फिल्म अजूनही हाताने धुणारा माणूस शोधा. मोठ्या शहरांत असे हौशी छायाचित्रकार आहेत. त्याला साडेसतरा मिलिमीटरचा, मागे कागद असलेला रोल आहे हे आधीच सांगा, म्हणजे तो तयारी करून ठेवेल. सत्तर वर्षांनंतर चित्र निघेलच याची खात्री नाही, पण जुन्या कृष्णधवल फिल्मवर पुसट चित्रं निघाल्याची उदाहरणं आहेत.

रोल धुतल्यावर रीळ आणि काळा कागद परत मागून घ्या. असला रोल आता दुकानात मिळत नाही. ज्यांना हे कॅमेरे आजही चालवायचे आहेत ते ३५ मिलिमीटरची फिल्म अंधारात चिरतात आणि जुन्याच कागदावर, जुन्याच रिळावर गुंडाळतात. त्यामुळे रिकामं रीळ आणि फाटका कागद याला कॅमेऱ्याइतकीच किंमत आहे, कधी जास्तच.

निगेटिव्ह आधीच धुतलेल्या सापडल्या तर काम सोपं. फोनवर पांढरा पडदा लावा, त्यावर थोड्या उंचीवर निगेटिव्ह धरा, दुसऱ्या फोनने मॅक्रोत फोटो घ्या आणि रंग उलटे करा.

पितांबरी नको

सापडलेली वस्तू लख्ख करण्याची घाई आपल्याकडे फार. देवाची उपकरणी घासतात तशी पावडर या कॅमेऱ्यावर चालवली तर वरचा पातळ मुलामा निघतो, रंगवलेलं नाव पुसतं आणि तुमचा 'ॲरो' कायमचा निनावी होतो. कोरडा मऊ ब्रश, जुना सुती रुमाल, एवढंच पुरे. खटका अडकला असेल तर शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेल शटरच्या पात्यांवर पसरतं, धूळ धरतं आणि पाती कायमची चिकटतात.

एका बाबतीत मराठवाडा भाग्यवान. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सवर बुरशीची जाळी चढते, आपल्या कोरड्या हवेत ती भीती कमी. पण हीच हवा चामड्याला तडे पाडते. म्हणून कॅमेरा पाकिटातून बाहेर काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. पावसाळ्यात डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका.

किंमत किती आणि शोधायचे कुठे

साधा, चालू स्थितीतला हिट परदेशी लिलावाच्या साइटवर बहुधा १० ते ३० डॉलरच्या आसपास जातो. पाकीट, मूळ खोकं, न वापरलेला रोल आणि माहितीपत्रक सोबत असेल तर किंमत चढते. कॅमेऱ्यापेक्षा खोकं टिकणं अवघड, हे त्यामागचं साधं कारण. मायक्रो, स्नॅपी यांसारखे वरच्या वर्गातले जास्त, आणि रिगाचा मिनॉक्स किंवा टिका या वेगळ्याच जगातल्या किमती. लाखाची गोष्ट करणाऱ्याला एकच विचारा: "या नावाचा, या स्थितीतला कॅमेरा याआधी कितीला विकला गेला ते दाखवा." मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असतं, हे प्लॉट घेतलेल्या कुणालाही सांगायला नको.

शोधायला पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार, विशेषतः मटन स्ट्रीट, जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्धच. तिथे जाताना भिंग, छोटी टॉर्च आणि ट्रेसिंग पेपर खिशात ठेवा, आणि 'लायका' या नावापासून चार हात लांब राहा. फेड आणि झॉर्की हे रशियन कॅमेरे घासून, सोनेरी करून, त्यांच्यावर जर्मन सैन्याची चिन्हं कोरून लायका म्हणून विकण्याचा धंदा जगभर जुना आहे. छोट्या कॅमेऱ्यांतही नवी नक्कल जुनी म्हणून खपवली जाते. मिनॉक्सच्या नावाने लायका, रोलायफ्लेक्स वगैरेंच्या सुबक छोट्या प्रतिकृती अलीकडच्या काळात निघाल्या. त्या फोटो काढतात, सुंदर दिसतात, पण त्या जुन्या नाहीत.

हा नाद किती मोठा होऊ शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. मुंबईचे दिलीश पारेख यांनी १९७७ पासून कॅमेरे जमवले आणि गिनीजने त्यांच्या संग्रहात ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद केली. खरे जुने कॅमेरे रांगेने मांडलेले बघायचे असतील तर गुरुग्राममध्ये २०१९ साली सुरू झालेलं म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय आहे. दिल्लीला गेलात तर अर्धा दिवस काढा.

पण सुरुवात करायला चार हजार कॅमेरे लागत नाहीत, एक वही लागते. सापडलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला एक पान. नाव कुठे आणि कसं लिहिलंय, देशाचा शिक्का कोणता आणि नेमका कशावर, घुंड्या किती, रेक्झिनचा रंग, शटरवरची अक्षरं, वजन. सराफाच्या काट्यावर ग्रॅमपर्यंत वजन सहज मिळतं. आणि शेवटी, घरातला असेल तर, तो कुणी आणला, कुठून, कोणत्या साली, हे घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारून लिहा. आत्याला आठवत असेल की हैदराबादहून येताना दादांनी आणला होता, तर ते तिच्याच शब्दांत लिहा आणि फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. बाकी सगळे फरक भिंगाने पुढच्या वर्षीही बघता येतील. तिला आधी विचारा.